फौंड्रीचा पर्यावरणावरचा भार कसा कमी करायचा? कोल्हापूरच्या कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि शिवाजी उद्यमनगर इथल्या कारखानदारांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नच्या (बिडाचे दोन प्रकार) लहान-मध्यम फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. फक्त मशीनिंग करणाऱ्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

आमची फौंड्री महिन्याला दोनशे टन वितळवणारी. एवढ्याशा कारखान्याने काय फरक पडणार?

हिशोब करून बघा. इंडक्शन भट्टीत टनाला ६०० युनिट धरले, तर दोनशे टनांना महिन्याला १,२०,००० युनिट लागतात. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे नुसत्या वितळवण्याचे महिन्याला ८४ टन झाले. कॉम्प्रेसर, सँड प्लँट, कोअर शॉप (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवायची जागा), जनरेटर अजून यात धरलेलेच नाहीत. शिवाय हे ८४ टन ज्या विजेतून आले, तिचं बिल तुम्हीच भरता. फौंड्रीच्या धंद्यात पर्यावरणाचा खर्च आणि मालकाचा खर्च बहुतेक वेळा एकाच मीटरवर मोजला जातो. म्हणून या कामाकडे दानधर्म म्हणून बघू नका.

सुरुवात कुठून करायची? सोलरपासून?

सोलर पुढे येईल. आधी एक वही घाला. त्यात रोज चार आकडे हवेत: भट्टीत किती किलो माल टाकला (चार्ज), भट्टीच्या मीटरवर किती युनिट पडले, किती किलो चांगलं कास्टिंग गिऱ्हाईकाला जायला तयार झालं आणि किती किलो नवी वाळू आत आली. भट्टीला स्वतंत्र मीटर नसेल तर पहिली खरेदी त्याचीच करा. महावितरणचं एकच बिल बघून भट्टी किती खाते आणि कॉम्प्रेसर किती खातो ते कळत नाही. मग चर्चा अंदाजावर चालते आणि अंदाजात प्रत्येकाची भट्टी ‘एकदम बेस्ट’ असते.

महिनाभर वही भरली की सगळे आकडे ‘एक टन चांगल्या कास्टिंगमागे’ असे मांडा. वितळलेल्या टनामागे मांडू नका. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो का, ते पुढच्या उत्तरात बघू.

यील्ड आणि रिजेक्शन हा क्वालिटीचा विषय. त्याचा पर्यावरणाशी काय संबंध?

सगळ्यात मोठा संबंध तिथेच आहे. माझ्या मते कोल्हापूरच्या फौंड्रीत पर्यावरणाचं सगळ्यात स्वस्त काम मेथड डिझाइनच्या (साच्यात धातू कुठून, कसा जाईल याच्या आखणीच्या) टेबलावर होतं.

धरून चालू की भट्टीला वितळलेल्या टनामागे ६०० युनिट लागतात. तुमचं यील्ड ५५ टक्के आहे, म्हणजे ओतलेल्या १,००० किलोंपैकी ५५० किलो कास्टिंग आणि बाकीचं रनर-रायझर (धातू आत नेणाऱ्या वाटा आणि आटणाऱ्या कास्टिंगला भर घालणारे साठे). त्यातलं ८ टक्के रिजेक्ट झालं, तर विकण्याजोगं उरलं ५०६ किलो. म्हणजे एक टन चांगल्या मालाला सुमारे १,१८६ युनिट लागले. आता भट्टीला हातही न लावता यील्ड ६२ टक्के आणि रिजेक्शन ४ टक्के करा. चांगला माल ५९५ किलो होतो आणि टनाला सुमारे १,००८ युनिट पडतात. टनामागे १७८ युनिट वाचले, ग्रिडच्या हिशोबाने सव्वाशे किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. वर तेवढी कमी वाळू भरली, तेवढे कमी कोअर लागले आणि फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करताना) तेवढी कमी धूळ झाली.

रनर-रायझर तर परत भट्टीतच जातं, मग वाया काय गेलं, असं कुणीतरी विचारतंच. लोखंड वाया गेलं नाही, पण ते दुसऱ्यांदा वितळवायची वीज गेली, लायनिंग झिजलं, थोडं सिलिकॉन-मँगेनीज जळालं आणि मेल्टरचा (भट्टी चालवणाऱ्याचा) तासही गेला.

करायचं काय? ज्या चार-पाच जॉबचं टनेज जास्त आहे तेवढेच निवडा आणि त्यांचं सिम्युलेशन करून घ्या. स्वतःचं सॉफ्टवेअर नसेल तर बाहेरून करून मिळतं. स्लीव्ह (रायझरभोवतीचं उष्णतारोधक आवरण) लावून रायझर लहान होतो का बघा. एका बॉक्समध्ये (साच्याच्या चौकटीत) एक पीस जास्त बसतो का बघा. आणि रिजेक्शनचं कारण नोंदताना नुसतं ‘ब्लो होल’ (वायूने पडलेलं भोक) लिहून सोडू नका. वाळूचा ओलावा, कोअरचा गॅस की थंड लॅडल (धातू ओतायचं भांडं), हे त्याच शिफ्टला शोधा. दोन दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही.

आमची भट्टी टनाला ६५०-७०० युनिट खाते. हे जास्त आहे का?

जास्त आहे. लोखंड वितळवून १,५०० अंशांपर्यंत न्यायला विज्ञानाच्या हिशोबाने टनाला ४०० युनिटच्या आतच लागतात. उरलेले सगळे कॉइलच्या पाण्यात, लायनिंगमधून आणि भट्टीच्या उघड्या तोंडातून जातात. चांगली चालवलेली मध्यम भट्टी साडेपाचशेच्या आसपास येते. जुनं पॅनेल असेल तर थोडं जास्त लागणार, पण सातशेचं खापर पॅनेलवर फोडण्याआधी शॉप फ्लोअरवर एक शिफ्ट उभं राहून बघा.

बघायच्या गोष्टी साध्या आहेत. भट्टीवर झाकण आहे का आणि असलं तर ते खरंच झाकलं जातं का? बहुतेक ठिकाणी झाकण कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं सापडतं, कारण ते उचलायला जड आणि चार्ज टाकताना मध्ये येतं. उघड्या धातूतून जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे शेवटची दहा-पंधरा मिनिटं तोंड उघडं ठेवणं सगळ्यात महाग पडतं. झाकण हायड्रॉलिक किंवा बाजूला फिरणारं करून घेतलं की ते वापरलं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे जादा तापवणं. मोल्डिंग लाइन अडली की मेल्टर धातू गरम ठेवतो, आणि ‘थंड पडायला नको’ म्हणून आणखी पन्नास अंश चढवतो. या पन्नास अंशांचे टनामागे बारा-एक युनिट नुसते धातूतच जातात, वरचं नुकसान वेगळं. इलाज भट्टीजवळ कमी आणि मोल्डिंगजवळ जास्त आहे: बॉक्स तयार असल्याशिवाय हीट (भट्टीचा एक घाणा) पूर्ण करायची नाही. लॅडल नीट तापवलेलं आणि झाकलेलं असेल तर टॅपिंगचं (धातू भट्टीतून काढतानाचं) तापमानही खाली आणता येतं.

तिसरी गोष्ट चार्जची. वाळू चिकटलेलं रनर-रायझर तसंच भट्टीत टाकलं की ती वाळू वितळवायलाही वीज लागते, तिचा स्लॅग (धातूवर तरंगणारी मळी) होतो आणि स्लॅग काढायला परत तोंड उघडायचं. रिटर्न शॉटब्लास्ट किंवा टम्बलिंग करून टाकणाऱ्या फौंड्रीत स्लॅग किती कमी निघतो ते एकदा जाऊन बघा. तेलकट बोरिंग (मशीनिंगचा कीस) आणि रंगवलेलं किंवा गॅल्व्हनाइज्ड स्क्रॅप टाकलं की जो पांढरा-काळा धूर उठतो, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

कूपोला (कोकवर चालणारी भट्टी) बंद करून इंडक्शन बसवली की आमचं उत्पादन ‘ग्रीन’ झालं म्हणायचं का?

घाईने म्हणू नका. ढोबळ हिशोब असा: कूपोलात टनाला १३० किलो कोक लागला आणि किलोमागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ३९० किलो झाला. इंडक्शनला ६०० युनिट गुणिले ०.७, म्हणजे ४२० किलो. कागदावर जवळपास बरोबरी! धूर तुमच्या चिमणीतून न निघता दूरच्या औष्णिक केंद्रातून निघतो, एवढंच.

तरीही बदल करण्याला अर्थ आहे. स्थानिक धूळ आणि गंधकाचा धूर खूप कमी होतो, धातूच्या केमिस्ट्रीवर नियंत्रण येतं, रिजेक्शन घटतं आणि मुख्य म्हणजे वीज पुढेमागे सौर किंवा पवन करता येते. कोक मात्र कोकच राहतो. ज्यांना कूपोला ठेवायचाच आहे त्यांनी निदान डिव्हायडेड ब्लास्ट कूपोलाचा विचार करावा. हवा दोन पातळ्यांवर दिल्याने कोक लक्षणीय वाचतो, आणि खर्च इंडक्शनच्या मानाने किरकोळ आहे.

छतावर सोलर बसवावं का?

बसवा, पण अपेक्षा मोजून ठेवा. १०० किलोवॉटच्या प्लँटला साधारण १,००० चौरस मीटर छत लागतं आणि वर्षाला सव्वा ते दीड लाख युनिट मिळतात. पहिल्या प्रश्नातल्या फौंड्रीचा हा वितळवण्याचा एका महिन्याचा खर्च. म्हणजे बारापैकी एक महिना सूर्यावर, अकरा ग्रिडवर. वाईट नाही, पण यील्ड सुधारून तेवढंच हाती लागतं आणि त्याला कर्ज काढावं लागत नाही.

फौंड्रीच्या छताच्या दोन अडचणी सोलरवाला आधी सांगत नाही. जुने सिमेंटचे पत्रे वजन पेलत नाहीत. आणि पॅनेलवर बेंटोनाइटची नि कोळशाच्या भुकटीची बारीक काळी साय बसते. दव पडलं की ती घट्ट चिकटते. धुण्याची सोय, पाणी आणि सुरक्षित जिना हे सगळं कोटेशनमध्येच घ्या. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात उत्पादन घसरणार, तेही धरा. मोठा वापर असेल तर ओपन ॲक्सेस (महावितरणच्या तारांवरून दुसऱ्या उत्पादकाची वीज थेट घेणं) बघा. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी हरित ऊर्जेसाठी त्याला लागणाऱ्या किमान वीजमागणीची मर्यादा १०० किलोवॉटवर आणली आहे, त्यामुळे मध्यम फौंड्रीही आता त्यात बसते.

कॉम्प्रेसरमध्ये खरंच काही वाचतं?

वाचतं आणि फार पटकन वाचतं. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ लावून बसा. हवा कुणीच वापरत नसताना तो दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड होत असेल, तर आठपैकी दोन, म्हणजे पंचवीस टक्के हवा गळतीत चालली आहे. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून जाणारी हवा तयार करायला तीन-साडेतीन किलोवॉट लागतात. वर्षभर, चोवीस तास. गळती बहुतेक वेळा ग्राइंडरच्या होजवर, क्विक कपलिंगवर आणि मोल्डिंग मशीनच्या जुन्या सीलवर सापडते. साबणाचं पाणी पुरतं. त्यानंतर दाब एक बारने कमी करून बघा, सहा-सात टक्के वीज तिथेच वाचते. आणि कपडे झटकायला हवेचा पाइप वापरणं बंद करा, ते फुफ्फुसालाही घातक आहे.

वापरलेल्या काळ्या वाळूचं काय करायचं? नेणारा ट्रॅक्टरवाला आहे, तो कुठे टाकतो ते आम्हाला माहीत नाही.

ते तुम्हाला माहीत असायला हवं. कन्सेंट (प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती) तुमच्या नावावर आहे, ट्रॅक्टरवाल्याच्या नव्हे. रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठाला, जुन्या खाणीत पडलेले काळे ढीग आपण सगळेच येता-जाता बघतो आणि कुठला ढीग कुणाचा याचा वासावरून अंदाजही करतो.

आधी वाळू येते कुठून ते बघा. आपल्याकडची बरीचशी सिलिका वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून घाट चढून येते. तिकडे डोंगर खणला जातो, ट्रक डिझेल जाळत घाट चढतो, इकडे ती आपण काही फेऱ्यांत टाकाऊ करतो आणि परत डिझेल जाळून कुठेतरी फेकतो. नवी वाळू कमी घेणं हा त्यामुळे एकाच वेळी खाणीवरचा, वाहतुकीवरचा आणि ढिगावरचा उपाय आहे.

ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, मुळात फिरतीच असते. बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांची भर घालून नव्वद टक्क्यांहून जास्त वाळू परत वापरता येते. मग रोज एवढी बाहेर का पडते? तीन कारणं सापडतात. एक, कोअरची वाळू नॉकआउटला (साचा फोडून कास्टिंग काढताना) ग्रीन सँडमध्ये मिसळते आणि साठा वाढत जातो, तो बाहेर काढावाच लागतो. दोन, वाळू थंड होत नाही. गरम वाळू बॉक्सला चिकटते, ब्लो होल येतात, मग सुपरवायझर वैतागून नवी वाळू ओततो. सँड कूलर नसेल तर निदान वाळूचं धातूशी प्रमाण वाढवा आणि साठवणुकीचा वेळ वाढवा. तीन, टेस्टिंग होत नाही. ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी, ॲक्टिव्ह क्ले आणि एलओआय (वाळूतला जळून जाणारा अंश) या चार टेस्ट नियमित झाल्या तर बेंटोनाइट आणि कोळसा दोन्हींची भर कमी होते.

नो-बेक आणि शेल कोअरच्या वाळूचं रिक्लेमेशन करता येतं. मेकॅनिकल पद्धतीत कणावरचा बाइंडर (वाळू बांधून ठेवणारा पदार्थ) घासून काढतात, थर्मलमध्ये तो जाळतात. थर्मलने वाळू जवळपास नव्यासारखी मिळते, पण इंधन लागतं. सोडियम सिलिकेट-सीओटू पद्धतीची वाळू मात्र थर्मलने सुधारत नाही. तिचा बाइंडर अजैविक आहे, तो जळत नाही. म्हणून कुठल्या कोअरला कुठला बाइंडर हे ठरवतानाच पुढे त्या वाळूचं काय होणार हा विचार करावा. एकट्याला प्लँट परवडत नसेल तर क्लस्टरच्या सामायिक सोयीकडे चौकशी करा. एकमेव अट ही, की कोअरची वाळू आणि ग्रीन सँड वेगवेगळी साठवा. एकदा मिसळली की कुणीच ती घेत नाही.

शेवटी जी उरते ती पेव्हर ब्लॉक, विटा, सिमेंट किंवा रस्त्याच्या भरावात जाऊ शकते. त्याआधी टीसीएलपी चाचणी (वाळूतून काय झिरपतं ते बघणारी) करून जड धातू आणि फिनॉल मर्यादेत आहेत याचा अहवाल फाइलला लावा, मंडळाच्या कन्सेंटमध्ये तो मार्ग लिहून घ्या आणि घेणाऱ्याची पोचपावती ठेवा. शेतात भर म्हणून देणं कटाक्षाने टाळा, शेतकऱ्याने स्वतः मागितली तरी.

धूर आणि धुळीसाठी नेमकी मर्यादा काय?

पर्यावरण संरक्षण नियमांत फौंड्रीसाठी धूलिकणांची मर्यादा अशी आहे: ताशी ३ टनांपेक्षा लहान कूपोलाला ४५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, त्यावरच्या कूपोलाला १५० आणि इंडक्शन व आर्क भट्ट्यांना १५०. तुमच्या कन्सेंटमध्ये यापेक्षा कडक आकडा असेल तर तोच लागू. जनरेटरच्या चिमणीची उंची इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट मिळवून येते. १२५ केव्हीएला छतापासून सव्वादोन मीटर वर.

पण चिमणीतून जे जातं त्यापेक्षा शेडमध्ये जे फिरतं ते मला जास्त गंभीर वाटतं. नॉकआउट आणि फेटलिंगला उडणारी बारीक सिलिका डोळ्यांना दिसत नाही आणि तिने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. संध्याकाळी दरवाजातून तिरपं ऊन आत येतं तेव्हा ग्राइंडिंगच्या जागी उभं राहून त्या उजेडाच्या पट्ट्यात बघा. हुड चालू असूनही धूळ कामगाराच्या तोंडावरून वर जात असेल तर हुडाची जागा चुकली आहे. तो धुळीच्या उगमापाशी हवा, डोक्यावर नको. बॅग फिल्टर बसवलाय पण पिशव्या फाटल्यात, पंखा उलटा फिरतोय, डक्ट धुळीने अर्धा भरलाय, अशा अवस्थेतले फिल्टर वीज खातात आणि काहीच धरत नाहीत. पिशवीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक दाखवणारं साधं मॅनोमीटर लावा आणि तो आकडा रोज लिहा.

भट्टीच्या धुरासाठी आधी स्क्रॅप सुधारा. तेल निथळलेलं बोरिंग आणि गॅल्व्हनाइज्ड वगळलेला चार्ज यांनी निम्मी कटकट कमी होते, मग फ्यूम एक्स्ट्रॅक्शनही लहान पुरतं.

पंचगंगेच्या प्रदूषणात फौंड्रीचा हात किती?

फौंड्री पाण्यावर चालणारा उद्योग नाही. पंचगंगेवरचा मोठा भार शहर-गावांचं सांडपाणी, साखर कारखाने आणि इचलकरंजीचं कापड प्रोसेसिंग यांचा आहे. म्हणून आपण सुटलो असं मात्र नाही. पहिल्या जोरदार पावसात आवारातली काळी वाळू, तेल आणि कूलंट (मशीनिंग करताना वापरायचं थंडाव्याचं द्रव) गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातं, आणि ते पाणी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत शिरोळ तालुक्यातली गावं वापरतात.

मे संपायच्या आत आवार झाडून घ्या, वाळूचे ढीग शेडखाली किंवा ताडपत्रीखाली घ्या आणि पावसाच्या गटारावर शेवटी गाळ व तेल अडवणारा खड्डा करा. कुलिंग टॉवरचं ब्लो-डाउन (क्षार वाढल्यावर काढून टाकलेलं पाणी) वाळूत मिसळायला वापरता येतं, फक्त क्षार तपासा. संडास-बाथरूमचं पाणी शोषखड्ड्यात सोडण्याऐवजी लहान एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं संयंत्र) करून बागेला वापरा. छतावरचं पावसाचं पाणी मात्र थेट बोअरमध्ये सोडू नका. फौंड्रीच्या छतावर जे साचतं ते भूजलात घालणं म्हणजे आजार विकत घेणं. सुरुवातीचे काही पाऊस वाहून जाऊ देऊन, गाळून, कुलिंगला वापरा.

वापरलेलं तेल सेंट्रिंगवाले विकत नेतात. त्यात काय चूक?

वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं, पहिल्या अनुसूचीत ५.१ क्रमांकाला. ते फक्त अधिकृत रिसायकलरला, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर (वाहतुकीच्या नोंदपत्रावर) द्यायचं असतं. सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलेलं तेल पावसाने मातीत जातं, आणि चौकशी निघाली तर माग तुमच्या पिंपापर्यंत येतो. रसायनांची रिकामी पिंपं (३३.१), ईटीपीचा, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचा, गाळ (३५.३) यांनाही हाच नियम. जाळायचं किंवा पुरायचं ते रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे जातं. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.

कोल्हापूरकरांसाठी एक जादा सूचना. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. सखल भागातल्या युनिटने तेलाची पिंपं, कोअर शॉपमधलं रेझिन आणि अमाइन हे २०२१ च्या खुणेच्या वर ठेवण्याची जागा आत्ताच ठरवावी, आणि इशारा पातळीला कोणी काय उचलायचं ते भिंतीवर लिहावं. पाणी आल्यावर तरंगणारं पिंप कुणाच्या ऊसात जाऊन फुटेल ते सांगता येत नाही.

वर्षभरात मंडळाला काय काय भरायचं असतं?

घातक कचऱ्याचा वार्षिक फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. कन्सेंटचं नूतनीकरण मुदतीआधी. बाकीच्या अटी तुमच्या कन्सेंटमध्येच लिहिलेल्या असतात. तो कागद फाइलमधून काढून एकदा पूर्ण वाचा. सल्लागाराने भरलेले आकडे आणि तुमच्या वहीतले आकडे जुळतात का तेही बघा. दरवर्षी तेच आकडे पुढे ढकललेले फॉर्म पाहण्यात आले आहेत, ज्यात उत्पादन दुप्पट झालं तरी वाळू तेवढीच!

झाडं लावली तर चालतील का?

लावा. कन्सेंटमध्ये तशी अट असतेच. पण ५ जूनला फोटो काढून लावलेलं रोप जुलैत जगलंय का ते बघायला कुणीतरी नेमा. भट्टीचा हिशोब झाडांनी फिटत नाही.

पुण्याचं गिऱ्हाईक कार्बन फूटप्रिंट मागतंय. आम्ही काय द्यायचं?

घाबरू नका, वही असेल तर अर्धं काम झालेलं आहे. स्कोप १ मध्ये तुम्ही स्वतः जाळलेलं येतं: कोक, डिझेल (लिटरला सुमारे २.७ किलो), एलपीजी किंवा पाइप गॅस. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. दोन्हींची बेरीज भागिले चांगल्या कास्टिंगचे टन. पिग आयर्न, फेरोॲलॉय, वाहतूक हे स्कोप ३. पिग आयर्नचा बोजा मोठा असतो, म्हणून स्क्रॅपचं प्रमाण वाढवलं की तिथला आकडा झपाट्याने उतरतो. गिऱ्हाईक हे विचारतंय कारण सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना असा अहवाल २०२२-२३ पासून सक्तीचा केला आणि आता त्यांचं लक्ष पुरवठादारांकडे वळलंय.

युरोपला थेट निर्यात असेल तर सीबॅम (आयात मालावरचा युरोपचा कार्बन कर) बघावं लागेल. तो १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झाला. तो सगळ्या कास्टिंगला सरसकट लागत नाही, एचएस कोडवर (मालाच्या सीमाशुल्क वर्गीकरणाच्या क्रमांकावर) अवलंबून असतो. पाइप फिटिंगसारखा माल यादीत आहे. तुमच्या इनव्हॉइसवरचा कोड सीएला दाखवून खात्री करा. आणि आकडा सुंदर दिसावा म्हणून अंदाजाने लिहू नका, पुढच्या वर्षी तपासणीला कुणीतरी येणार असतं.

आमच्याकडे फक्त सीएनसी मशीनिंग आहे.

मग तुमचे तीन विषय: कूलंट, बोरिंग आणि हवा. कूलंटवरचं तरंगतं तेल रोज काढलं आणि रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण तपासलं तर तो महिनोन्महिने टिकतो, वास मारत नाही आणि फेकावा लागत नाही. बोरिंग स्पिनरमधून काढून द्या. तेल परत मिळतं आणि फौंड्रीवाल्याच्या भट्टीला धूर कमी होतो. हवेचं वर लिहिलंय.

पैशाची काही मदत मिळते का?

झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के अनुदान आहे. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०२५ मध्ये सुरू झालेल्या अदिती योजनेतून व्याजात सवलत मिळते: सूक्ष्म व लघु उद्योगाला ५ टक्के, मध्यमला ३ टक्के. अर्जाआधी एनर्जी ऑडिट लागतं. केईए, स्मॅक, गोशिमा, मॅक या इथल्या उद्योजक संघटनांत किंवा फौंड्रीमेन संघटनेच्या कोल्हापूर शाखेत चौकशी करा. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून ऑडिटर बोलावला तर तोही स्वस्तात पडतो.

कामगार हे मनावर घेत नाहीत. काय करावं?

मेल्टरला कधी सांगितलंय का, की कालच्या शिफ्टला टनाला किती युनिट लागले? बहुतेक ठिकाणी हा आकडा मालकाच्या लॅपटॉपवर असतो आणि ज्याच्या हातात नॉब आहे त्याला माहीत नसतो. भट्टीशेजारी फळा लावा, प्रत्येक हीटचे युनिट खडूने लिहा. त्या आकड्यावरून कुणाला झापू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून फळ्यावर आदर्श आकडे दिसायला लागतील. पहिल्या दोन महिन्यांत चांगल्या हीटचं कारण विचारा, वाईटाचं नको. झाकण का वापरत नाही, हे विचारलं तर तो सांगेल की बिजागरी तापून अडकते आणि हात भाजतो. ती बिजागरी बदलायला फेब्रिकेटरला अर्धा दिवस पुरतो.

आमची शेड भाड्याची आहे. मालक बदल करू देत नाही.

भट्टीचं झाकण, मीटर, हवेची गळती, वाळूची चाचणी, यील्ड यांतल्या कशालाच शेडमालकाची परवानगी लागत नाही. छत, चिमणी आणि सांडपाण्याच्या टाकीला लागते. त्यासाठी भाडेकरार नव्याने करताना ती कलमं लिहून घ्या, आणि कन्सेंट कुणाच्या नावावर आहे तेही तेव्हाच तपासा. जुन्या भाडेकरूच्या नावाच्या कन्सेंटवर वर्षानुवर्षं चाललेली युनिट आपल्याकडे आहेत. तपासणी आली की तिथे कुणाकडेच उत्तर नसतं.